गॅलरीतून सुरू होणारे पक्षीनिरीक्षण

पक्षी पाहण्याचा छंद लावून घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या वर्षी भिगवणला जाऊ नये असेच सांगते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उडताना ज्याने पाहिला, तो ते दृश्य विसरत नाही, हे खरे आहे. परंतु तिथे एकाच सकाळी पन्नासेक जातींचे पक्षी समोर येतात, नावाडी भराभर नावे सांगतो, आपण मान डोलावतो आणि पुण्यात परत येईपर्यंत त्यांतली पाच नावेही आठवत नाहीत. याउलट स्वतःच्या घराच्या एकाच खिडकीतून वर्षभर पाहिलेले वीस-पंचवीस पक्षी आयुष्यभर ओळखीचे राहतात, आणि त्यांच्या गरजा कळू लागल्या की आपल्या आवारात त्यांच्यासाठी काय करावे व काय करू नये, हेही हळूहळू उमगू लागते.

मी सहकारनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीसमोर एक उंबर, एक जुना गुलमोहर आणि कुंपणाच्या भिंतीलगत शेवग्याची दोन झाडे आहेत. मागे तळजाईची टेकडी आहे. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी या चार झाडांनी शिकवलेले आहे. आपल्या खिडकीतून झाडे वेगळी दिसत असतील, पण पद्धत तीच राहील.

पहिला महिना दुर्बिणीशिवाय

जिथून निदान एक मोठे झाड आणि थोडे आकाश दिसेल अशी जागा निवडावी, आणि ती बदलू नये. सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. पुण्यात मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर, त्यामुळे घड्याळाऐवजी उजेडाप्रमाणे बसावे. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. रविवारी तीन तास आणि इतर सहा दिवस काहीच नाही, यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक शिकवतात, कारण पक्ष्यांचे वागणे दिवसागणिक थोडे थोडे बदलते आणि तो बदल रोज पाहणाऱ्यालाच दिसतो.

या महिन्यात दुर्बीण आणि पुस्तक दोन्ही बाजूला ठेवावीत. रंग सर्वांत शेवटी पाहावा. पहाटेच्या तिरप्या उजेडात पाठीमागे आकाश असले की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, म्हणून रंगावर विसंबून राहणारा नवखा निरीक्षक सतत फसतो. आधी आकार ठरवावा. त्यासाठी चार ओळखीची मापे मनात पक्की करावीत: चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, साळुंकी २३, कावळा ४० च्या आसपास आणि घार ६०. अनोळखी पक्षी दिसला की तो साळुंकीपेक्षा लहान की मोठा, हा पहिला प्रश्न विचारावा. त्यानंतर चोच पाहावी. मुनियेची आखूड, जाड चोच दाणा फोडण्यासाठी असते. शिंजिराची बारीक, बाकदार चोच फुलातला मध शोषण्यासाठी असते. वेड्या राघूची लांब, निमुळती चोच उडत्या माशीला हवेतच पकडण्यासाठी असते. मग शेपटीची सवय पाहावी. दयाळ शेपटी ताठ उभारतो, परीट ती सारखी खालीवर हलवतो, आणि नाचण ती पंख्यासारखी पसरून फांदीवर गिरक्या घेतो. एवढ्या तीन गोष्टी टिपल्या तर रंग न पाहताही निम्मी ओळख पटलेली असते.

काही जोड्या मुद्दाम वेगळ्या करायला शिकाव्यात. बुलबुलाच्या दोन जाती पुण्यात सर्रास दिसतात, लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल. नावामुळे शेपटीखालचा लाल रंग ही लालबुड्याचीच खूण आहे असे वाटते, पण तो दोघांनाही असतो. फरक डोक्याकडे आहे. शिपायाला उभा, टोकदार काळा तुरा, पांढरा गाल आणि त्यावर लाल ठिपका असतो. लालबुड्याचे सगळे डोके काळे आणि तुरा आखूड असतो.

शिंजिरांच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात संपूर्ण चकचकीत निळा-जांभळा असतो, परंतु तो काळ संपला की त्याची ही झळाळी जाते, अंग मादीसारखे पिवळट-तपकिरी होते आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी पट्टी उरते. पहिल्या वर्षी या पट्टीवाल्या नराला मी वेगळीच जात समजून बसले होते. जानेवारीच्या अखेरीस त्याच पक्ष्याच्या अंगावर जांभळे ठिपके उमटू लागले, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. पिवळ्या पोटाचा, छातीवर तांबूस पट्टा आणि डोक्यावर चमकता हिरवा डाग असणारा नर मात्र खरोखर वेगळा आहे. तो जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर असून वर्षभर जवळजवळ तसाच दिसतो.

कान लावणे

शहरात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, म्हणून वीस मिनिटांतली पाच मिनिटे डोळे मिटून बसावे. मराठी माणसाला येथे एक सोय आहे: आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना नावे देताना कान उघडे ठेवले होते. तांबट हा हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळ आणि छातीवर लाल डाग असलेला पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून एकाच लयीत टुक्-टुक्-टुक् करत राहतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठार काम करणाऱ्या कारागिराच्या हातोडीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. पावशा उन्हाळ्याच्या शेवटी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडतो. त्याचा स्वर दर हाकेला चढत जातो आणि टोकाला पोचून एकाएकी थांबतो. टिटवीचे नाव तर तिच्या आवाजाचेच आहे. रात्री ती ओरडली की अशुभ मानण्याची पद्धत अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात ती उघड्या जमिनीवर, आणि शहरात कधी कधी इमारतीच्या गच्चीवरही अंडी घालते, आणि कुत्रे, मांजर किंवा माणूस जवळ आला की त्याला दूर नेण्यासाठी ओरडते.

‘कोकिळा गाते’ ही समजूतही वहीत पहिल्याच पानावर दुरुस्त करून ठेवावी. कुहू-कुहू करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर, म्हणजे कोकीळ. मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असते. ती घाईने किक्-किक्-किक् असा तीक्ष्ण आवाज करते. मार्च ते जुलै या काळात कोकीळ जोराने गात असताना जवळच्या कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष ठेवावे. मादी आपली अंडी तिथे घालते, आणि पुढे पावसाळ्यात कावळी एका वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसते.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने तयार केलेले मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. त्याचा उपयोग करावा, परंतु ते उत्तर म्हणून नव्हे, तर्क म्हणून घ्यावे. दयाळ इतर पक्ष्यांच्या नकला करतो आणि कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ॲपने नाव सांगितले तरी पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत पक्की नोंद करू नये.

दुर्बीण

महिनाभरानंतरही रोज बसण्याची इच्छा टिकली असेल तर दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. व्यास जितका मोठा तितका प्रकाश अधिक मिळतो, पण वजनही वाढते. नवख्याने ८×४२ किंवा ८×३२ घ्यावी. १० पटीच्या मोहात पडू नये. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दिसणारा भाग अरुंद होतो, त्यामुळे उंबराच्या पानांत हलणारा शिंपी सापडेपर्यंत उडून गेलेला असतो.

दुर्बीण जुळवण्याची रीत बहुतेकांना कोणी शिकवत नाही. वीस-तीस मीटरवरची एखादी पाटी निवडावी. उजवे भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरे स्पष्ट करून घ्यावीत. मग डावे भिंग झाकावे आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचे, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावरचे, कडे फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करावे. कड्याची ही खूण लक्षात ठेवली की पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते. चष्मा असणाऱ्यांनी नेत्रिकांची रबरी वाटी खाली करून चष्म्यासहच पाहावे. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हटवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. आधी दुर्बीण लावून मग झाडभर शोधत बसू नये. सूर्याच्या दिशेने दुर्बीण कधीही वळवू नये, कारण क्षणभराच्या चुकीनेही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

वही

छंद आणि करमणूक यांतला फरक वही ठरवते. तारीख, वेळ, हवा, झाड, संख्या आणि वागणूक या सहा गोष्टी प्रत्येक नोंदीत असाव्यात. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘१४ फेब्रुवारी, सकाळी ७.१० ते ७.३०. निरभ्र, गार. शेवग्याच्या फुलांवर जांभळा शिंजीर, नर १, निम्मा रंग बदललेला. उंबरावर तांबट २, एक दुसऱ्याला फळ भरवतो. पोपट ११, दक्षिणेकडे उडत गेले. चिमणी नाही.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. जे दिसले नाही तेही लिहावे, कारण चिमणी नेमकी कधीपासून दिसेनाशी झाली हे नंतर आठवून सांगता येत नाही.

नावांच्या बाबतीत थोडी शिस्त ठेवावी लागते. पांढऱ्या गळ्याच्या, निळ्या पाठीच्या एकाच पक्ष्याला कोणी खंड्या म्हणते, कोणी किलकिल्या, कोणी धीवर. मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांच्या तोंडची अशी शेकडो नावे गोळा करून मराठी पक्षिशास्त्राला शब्द दिले. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिनांच्या दरम्यानचा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आपण घरात जे नाव वापरतो तेच वहीत लिहावे, मात्र एकदा तरी त्याच्याशेजारी शास्त्रीय नाव लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याच्या नोंदींशी आपली नोंद ताडून पाहता येते.

नोंदी साठू लागल्या की त्या ई-बर्ड या संकेतस्थळावर भराव्यात. दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या गणनेत कुठल्याही एका जागी किमान १५ मिनिटे पक्षी मोजून भाग घेता येतो. भारत २०१३ पासून या गणनेत आहे. गॅलरीतून केलेली मोजणीही त्यात धरली जाते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण अभयारण्यांच्या नोंदी पुष्कळ असतात पण सोसायट्यांच्या आवारातल्या नोंदी ठेवणारे थोडे असतात.

वर्षभराच्या वहीत पुण्याचे ऋतू उमटतात. पावसाळा ओसरताना परीट येतात आणि मैदानांवर व पार्किंगच्या जागेत तुरुतुरु चालतात. ऑक्टोबरात गच्चीच्या कठड्यावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा दिसू लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलले की मधासाठी भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे उतरतात. एप्रिलमध्ये दयाळ पहाटे चारपासून गातो. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला रात्री प्रवास करणारा नवरंग कधी कधी दमून एखाद्या घराच्या अंगणात उतरलेला सापडतो. जून लागला की विहिरींवर झुकलेल्या बाभळींवर सुगरणीचे नर खोपे विणू लागतात.

घराबाहेर पडल्यावर

एवढी तयारी झाली की बाहेर पडावे. पाषाण तलावावर बदके, पाणकावळे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी पाहावा. वेताळ टेकडीवर सकाळी मोर आणि तित्तिर यांचे आवाज ऐकावेत. सोलापूर रस्त्याजवळच्या कवडी येथे मुळा-मुठेच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या, शेकाटे आणि शराटी दिसतात. नदीच्या पाण्याला घाण वास येतो आणि त्यावर फेसही असतो, पण हिमालयापलीकडून आलेले पक्षी आपल्याच सांडपाण्यात चरत आहेत हे एकदा प्रत्यक्ष पाहायला हवे. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत स्वर्गीय नर्तक आणि पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर भेटतो. माळरानाचे पक्षी पाहायचे असतील तर सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जावे. भिगवणला दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीनंतर जावे.

मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे घालावेत, चार-पाच जणांपेक्षा मोठा जथा नेऊ नये आणि हलक्या आवाजात बोलावे. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. विणीच्या काळात नराला तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा वाटतो, आणि तो खाणे, भरवणे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. घरट्याचे छायाचित्र काढण्यासाठी आडोशाची फांदी वाकवली की ते घरटे कावळ्यालाही दिसते. नावेतून शेव-गाठी फेकून कुरव पक्ष्यांना जवळ आणणाऱ्या नावाड्याला नम्रपणे नको म्हणावे.

दाणे नव्हे, पाणी

पाहता पाहता जीव जडतो आणि काहीतरी खायला घालावेसे वाटते. माझेही तसेच झाले होते. मी गॅलरीत बाजरी आणि तांदळाचे ताट ठेवले. पहिले चार दिवस चिमण्या आल्या, आठव्या दिवशी पारवे आले आणि तीन आठवड्यांत सकाळी चाळीस पारवे कठड्यावर बसू लागले. चिमण्या येईनाशा झाल्या, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे रोज खराब होऊ लागले, आणि त्यांच्या घरात दम्याचा रुग्ण होता हे मला तेव्हा कळले. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्यास काही माणसांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीमुळे कायमची इजा होते. मी ताट उचलले. त्यानंतर दोन महिन्यांनी पारव्यांची संख्या पूर्ववत झाली.

ज्या गॅलरीत आधीच पारव्यांचा वावर आहे तिथे दाणे बंद करणे हाच पहिला उपाय आहे. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून ती काढावी. जाळी लावायची असल्यास ती ताठ ताणलेली असावी आणि कडेला फट राहू देऊ नये. सैल जाळीत बुलबुल आणि पोपट अडकतात आणि कोणाच्या लक्षात न आल्यास तिथेच मरतात, म्हणून जाळी लावणाऱ्याने ती रोज पाहावी.

चिवडा, पाव, बिस्किटे, फरसाण, दूध यांपैकी काहीही पक्ष्यांना देऊ नये. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही आणि दूध त्यांना पचत नाही. शिवाय दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना आधी अळ्या आणि किडेच भरवते. घराभोवती कीटकनाशकाची फवारणी चालू ठेवून गॅलरीत तांदूळ टाकल्याने तिची पिल्ले जगत नाहीत. शक्य असेल तिथे फवारणी थांबवावी आणि झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी तिथेच कुजू द्यावा. सातभाई आणि दयाळ तो उलथून स्वतःचे पोट भरतात.

पाणी मात्र जरूर ठेवावे, विशेषतः मार्च ते जून. कुंभारवेशीत मिळते तसे मातीचे उथळ परळ आणावे. पाण्याची खोली ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे फुलटोच्यासारखा अंगठ्याएवढा पक्षीही बुडण्याची भीती न बाळगता उतरू शकतो. परळ सावलीत, लपायला झुडूप जवळ असेल पण मांजर दबा धरून बसू शकणार नाही अशा जागी असावे. मोकळी जागा चहूबाजूंनी दोनेक मीटर असावी. पाणी रोज बदलावे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात तो तयार होत नाही. सोसायटीत कोणी शंका काढली तर हे सांगता येते. दर दोन दिवसांनी परळ साबणाशिवाय, नारळाच्या काथ्याने घासावे. अस्वच्छ भांड्यातून पक्ष्यांचे आजार एकमेकांना लागतात, त्यामुळे ते धुणे जमणार नसेल तर भांडे न ठेवलेलेच बरे.

खाण्याची सोय झाडांवर सोपवावी. कुंडीत जास्वंद आणि हॅमेलिया लावले तरी शिंजीर येतात. आवारात जागा असेल तर उंबर, तुती, भोकर, करवंद किंवा शेवगा लावावा. फळलेल्या उंबरावर हळद्या, बुलबुल, तांबट, राखी धनेश आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हे सगळे एकाच सकाळी येऊ शकतात. बाभळीवर किंवा आंब्यावर वाढलेले सगळे बांडगूळ उपटून टाकण्याची घाई करू नये, कारण फुलटोच्या मुख्यतः त्याच्या फळांवर जगतो.

घरटी, काच, मांजा आणि पडलेले पिल्लू

लाकडी घरटी दर २० मार्चला, चिमणी दिनाच्या निमित्ताने, पुष्कळ वाटली जातात आणि त्यांतली बरीच चुकीच्या मापाची असतात. चिमणीसाठी छिद्राचा व्यास ३२ मिलिमीटर असावा. ते ४५ च्या पुढे गेले की साळुंकी घर बळकावते. छिद्राखाली बसायची दांडी नसावी, कारण तिचा उपयोग कावळ्याला होतो. घरटे भिंतीला घट्ट ठोकावे, ते झुलता कामा नये. जमिनीपासून तीन मीटरवर, दुपारचे ऊन न लागणाऱ्या भिंतीवर असावे. आजूबाजूला चिमण्याच नसतील तर घरटे रिकामे राहते, म्हणून आधी वही पाहून मगच ते लावावे.

विणीच्या काळात दयाळ किंवा शिंजीर खिडकीच्या काचेला अथवा गाडीच्या आरशाला तासन्‌तास चोच मारताना दिसतो. त्याला तिथे दुसरा नर दिसत असतो. आरशावर कापडी पिशवी चढवावी आणि खिडकीच्या काचेला बाहेरून कागद लावावा. दोन-तीन आठवड्यांत तो नाद सोडतो. आकाश प्रतिबिंबित होणाऱ्या मोठ्या काचांवर पक्षी आदळत असतील तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा पट्ट्या लावाव्यात. एकच गरुडाचे चित्र चिकटवून काही होत नाही. आदळून बधिर झालेल्या पक्ष्याला छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तास-दोन तासांत तो सावरला तर खोके झाडाखाली उघडावे.

संक्रांतीच्या आसपास झाडांवर आणि तारांवर लोंबणारा मांजा महिनोन्‌महिने पक्ष्यांचे पंख कापत राहतो. हात पोचेल तेवढा गोळा करून, तुकडे करून कचऱ्यात टाकावा. उंचावर अडकलेली घार स्वतः सोडवायला जाऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जमिनीवर पिल्लू दिसले की लगेच घरात आणू नये. अंगावर पिसे आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकत आहे, आणि आईबाप जवळच्या फांदीवर चोचीत अळी धरून आपण निघून जाण्याची वाट पाहत आहेत. मांजर येईल असे वाटल्यास पिल्लू उचलून झुडपात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही. पिसे न फुटलेले पिल्लू घरट्यात परत ठेवता येत असेल तर ठेवावे, नाहीतर लहान टोपलीत सुके गवत घालून ती त्याच झाडाला बांधावी. पिल्लू पाळण्याचा विचार मनात आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि घरटी किंवा अंडी नष्ट करणे हाही.

शेवटची गोष्ट फांद्यांची. दर मे महिन्यात सोसायट्यांमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी निघते, आणि तो नेमका अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या राज्य कायद्यामुळे छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज जानेवारीतच करावा, आणि छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी अर्धा तास झाडासमोर उभे राहून कोण कुठे चारा नेत आहे ते पाहावे. आपल्या वहीचा उपयोग इथे होतो, कारण सोसायटीच्या सभेत ‘पक्षी असतील’ असे सांगण्यापेक्षा ‘या फांदीवर १२ एप्रिलपासून घरटे आहे’ असे सांगितले तर लोक ऐकतात.

वाळलेली फांदी धोकादायक नसेल तर ती ठेवण्याची विनंती करावी. तांबट आणि सुतार ओल्या लाकडात नव्हे, वाळक्या लाकडातच बीळ कोरतात, आणि ते सोडून गेल्यावर त्याच ढोल्या चिमणी, दयाळ, पोपट यांना मिळतात. आमच्या गुलमोहराची एक जाड फांदी तीन वर्षांपूर्वी वाळली. ती रस्त्यावर पडेल ही शेजाऱ्यांची भीती रास्त होती, म्हणून टोकाचा भाग कापून खोडालगतचा मीटरभर ठुंठ ठेवायचे ठरले. पुढच्या फेब्रुवारीत तांबटाच्या जोडीने त्याच्या खालच्या बाजूला बीळ कोरले. नर आणि मादी पाळीपाळीने काम करत होती आणि खाली गाड्यांच्या टपांवर लाकडाचा भुसा पडत होता. यंदा मार्चपासून त्याच बिळात दयाळाची मादी गवताच्या काड्या नेत आहे.